ताईच्या नावाचं खातं

३ जून, सोमवार

माझ्याच कामाला कुलूप लागलंय. किल्ली मागतोय कोण, तर जगात कुठेतरी ठेवलेला एक कॉम्प्युटर, ज्याने आमच्या क्वायरचा एक सूर कधी ऐकलेला नाही.

सकाळी चहा घेऊन बसलो आणि प्रोग्राम उघडला. पडद्यावर एवढंच: तुमची ओळख पटवण्याची मुदत संपली आहे. काल सकाळी म्हणे मेल पाठवली होती, चोवीस तासांत उत्तर द्या नाहीतर खातं बंद. काल! रविवारी! ज्या दिवशी आमच्याकडे होडी पाण्यात जात नाही, विमान उतरत नाही, बाजारात कुत्रं फिरकत नाही, त्या दिवशी मी, गावचा क्वायरमास्तर, कॉम्प्युटर लावून बसणार होतो का? चर्च, मग उमूतलं, म्हणजे जमिनीतल्या भट्टीतलं जेवण, मग झोप, मग पुन्हा चर्च. एवढं साधं ज्यांना ठाऊक नाही त्यांनी टोंगामध्ये माल विकायला येऊ नये.

आत काय अडकलंय ते लिहून ठेवतो. तीस तारखेला चर्चच्या वार्षिक परिषदेचा समारोप यंदा आमच्या गावात आहे, आणि त्या दिवशी गायचं स्तोत्र मी वर्षभर लिहीत होतो. क्वायरकडे फक्त पहिल्या भागाचे कागद आहेत. बाकीचं सगळं आत. बायको, कालोलाइने, दहादा म्हणाली होती, छापून ठेव म्हणून. मी तिला शहाणपण शिकवलं होतं की क्लाउडमध्ये आहे, तिथे वाळवी लागत नाही. आता ती नुसती भांडी जोरात ठेवते.

५ जून, बुधवार

क्वायरच्या समितीत दोन तास भांडण. दोन वर्षांपूर्वी याच समितीने नवा प्रोग्राम घ्यायला लावला. ऑकलंडची आपली माणसं, सिडनीची आपली माणसं, सगळ्यांना एकाच वेळी एकच कागद दिसेल, काय ते कौतुक! माझा जुना प्रोग्राम एकदा विकत घेतला होता. एका तबकडीवर आला, कॉम्प्युटरमध्ये बसला, आणि त्यानंतर त्याने मला कधी विचारलं नाही की बाबा तू कोण. आमचे स्वर आकड्यांत लिहितात, तेही त्याला मी हळूहळू शिकवलं होतं. नव्याला दरवर्षी वर्गणी लागते. चर्चला वर्गणी देतो तर निदान छप्पर दिसतं डोक्यावर.

आज एकाने विचारलं, "खातं तुझ्या नावावर का नाही काढलंस?"

मी उठून उभाच राहिलो. "माझ्या नावावर? थोरली बहीण जिवंत असताना?"

आमच्या घरात पहिलं ताट लुसेआनेताईचं, लग्नाच्या आहेरातली सगळ्यात बारीक विणीची चटई तिची, माझ्या मुलांच्या बारशाला नावं तिने ठेवली. खातेदाराच्या जागी दुसरं नाव टाकलं असतं तर गाव हसलं असतं. कंपनीला हे कळत नाही. त्यांना वाटतं ज्याचं नाव तोच खुर्चीवर बसणार.

ओळख पटवायचा आकडा ताईच्या फोनवर जातो. ती जानेवारीत मूत्रपिंडाच्या उपचारांसाठी लेकीकडे, लाविनियाकडे, ऑकलंडला गेली, आणि तिचा इथला नंबर बंद पडला. मग उरला एकच रस्ता, तोही फक्त आमच्या घरातल्या याच कॉम्प्युटरवरून. खातं काढताना ताईने एका प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलं होतं, तेच पुन्हा लिहायचं.

प्रश्न असा: तुमच्या पहिल्या प्रेमाचं नाव काय?

त्या दिवशी हा प्रश्न पडद्यावर आला तसा मी उठून अंगणात गेलो होतो. ताईने स्वतः टाइप केलं. मी डुकरांना खोबरं घालत होतो. आमच्या रीतीत अशा वेळी भावाने तिथे थांबायचं नसतं, आणि आता भावाने बहिणीला फोन करून ते विचारायचं? मी तिच्या खोलीत कधी पाऊल टाकलेलं नाही. ती असताना मी सिनेमा बघत नाही, न जाणो पडद्यावर कुणी कुणाचा हात धरला तर. हा प्रश्न ज्या माणसाने तयार केला त्याला बहीण नसावी.

७ जून, शुक्रवार

आज कंपनीच्या मदतनीस बाईशी लिहून बोलणं झालं. नाव क्लोई. खरी बाई की यंत्र, देव जाणे.

"मी तुमची अडचण समजू शकते, लुसेआने," तिने सुरुवात केली.

मी लिहिलं, "मी लुसेआने नाही. मी तिचा भाऊ, पाउलिआसी."

"धन्यवाद, पाउलिआसी. बहिणीला उत्तर विचारून घ्या ना. अगदी सोपं आहे."

"विचारता येत नाही."

"तुमचं आणि बहिणीचं पटत नाही का?"

पटत नाही! रक्त डोक्यात गेलं. मी लिहिलं, की बाई, जगात तिच्याइतका मान मी कुणालाही देत नाही, म्हणूनच विचारता येत नाही. बराच वेळ नुसते तीन ठिपके हलत होते. मग उत्तर आलं की हे ऐकून तिला आनंद झाला, पण सुरक्षेसाठी उत्तर आवश्यक आहे, आणि या महिन्याअखेर खातं उघडलं नाही तर आतलं सगळं कायमचं पुसलं जाईल.

शेवटी तिने आणखी एक वाट दाखवली. खातेदार हयात नसल्यास मृत्यूचा दाखला जोडावा, कुटुंबाला सर्व फाइली दिल्या जातील.

मी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून ओढून काढली. जिवंत बहिणीचा भाऊ तुमच्या दारात उभा आहे तर दार उघडत नाही, आणि मेलेल्या बहिणीचा आला की स्वागत? कालोलाइने धावत आली. तिला काय झालं ते सांगताना मी इतका ओरडलो की शेजारची मुलं कुंपणाशी जमली.

९ जून, रविवार

डायरी लिहिणं कामात मोडतं की नाही हे पाळकांना विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

पाळक इसिलेली मूळ याच गावचे, ताईच्या वर्गातले. गेल्या वर्षी बदली होऊन परत आले. प्रार्थनेनंतर मला दारात गाठून म्हणाले, "ताईंची तब्येत कशी आहे?"

"तशीच आहे."

"आणि तो प्रश्न? समितीत कुणीतरी म्हणत होतं, काहीतरी उत्तर हवंय."

आता काय गावभर दवंडी पिटणार का? मी म्हणालो, "बायकी प्रश्न आहे, रेव्हरंड. तुम्ही त्यात पडू नका."

"नाही, नाही, मी कशाला पडतो," म्हणाले, आणि हातातलं स्तोत्रांचं पुस्तक खाली पडलं. वाकून उचलताना मान लाल झाली होती. उन्हात टोपी न घालता उभे होते. पाळकाने इतकं चौकस असू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

१२ जून, बुधवार

चर्चच्या मागच्या खोलीतून जुना कॉम्प्युटर घरी आणला. झुरळं झटकली, बटण दाबलं. कोपरा धान्याच्या गिरणीसारखा घरघरू लागला, पण कॉम्प्युटर सुरू झाला. माझा जुना प्रोग्राम जसा ठेवला होता तसा. वीस वर्षांपूर्वीची स्तोत्रं एकेक उघडत गेलो. नाव नाही विचारलं, आकडा नाही विचारला. मला रडू आलं हे इथेच लिहून ठेवतो, दुसरीकडे कबूल करणार नाही.

नव्या प्रोग्राममधलं काही यात उघडत नाही. म्हणून स्तोत्र आठवून पुन्हा लिहायला घेतलं. पुरुषांचे दोन्ही भाग आले, बायकांचा खालचाही आला. वरचा भाग अडला. दुसऱ्या कडव्यापासून वरच्या सुरात ताईने तालमीत इतके बदल केले होते, आणि मी ती गाते तसं थेट पडद्यावर टिपत गेलो होतो. माझ्या डोक्यात तो भाग नाहीच. तिच्या गळ्यात आहे आणि कंपनीच्या पेटीत आहे. चोर!

१४ जून, शुक्रवार

कालोलाइनेशी भांडण.

ती म्हणाली, "पहिल्या प्रेमाचं विचारू नकोस. पण गाणं विचारायला तुला कोण अडवतंय? फोन लाव, म्हण ताई, वरचा भाग गाऊन दाखव. यात कुठली मर्यादा मोडते?"

मी म्हणालो, "आज तिचं डायलिसिस असेल."

"आज नसतं."

"मग दमली असेल."

"पाउलिआसी, ती गेल्यापासून तू तिच्याशी किती वेळा बोललास?"

हा काय प्रश्न झाला? निरोप पाठवतो ना. लाविनियाला कळवतो, कालोलाइनेला बोलायला सांगतो. खरा मुद्दा कंपनीचा आहे. मी सरळ मंत्रालयाला पत्र लिहिणार आहे, वर्तमानपत्रालाही. संध्याकाळभर मसुदा करत बसलो. चांगला जहाल उतरलाय.

१९ जून, बुधवार

लाविनियाचा फोन. ताईची मुलगी, म्हणजे माझ्यावर तिचा हक्कच चालतो. माझ्या घरातलं डुक्कर उचलून नेलं तरी मी बोलायचं नाही. ती हक्काने बोलली.

"मामा, तू जिवंत आहेस ना? आई विचारत होती."

"कामात आहे गं. ती कंपनी..."

"कंपनी गेली खड्ड्यात. आई रोज विचारते, पाउलिआसीचा फोन आला का. मी रोज सांगते, मामा बिझी आहे. मी तुझ्यासाठी किती खोटं बोलू?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं, पुसलं जाण्याची तारीख, दाखल्याची गोष्ट, सगळं. मग ती म्हणाली, "आईने डॉक्टरांना सांगितलंय, आता मशीनवर नको. तिने ठरवलंय. समजलं ना मामा?"

मी विचारलं, मग तिला तिकडे कशाला ठेवलंय, इथे घेऊन या. ती म्हणाली, प्रवास झेपणार नाही.

फोन ठेवल्यावर मी कंपनीला सगळ्यात कडक मेल लिहिली. निर्लज्ज, माणुसकी नसलेले, लुटारू, असं सगळं लिहिलं. त्यांचं उत्तर लगेच आलं, आमची सेवा तुम्हाला कशी वाटली, पाचपैकी तारे द्या.

२१ जून, शुक्रवार

फोन लावला. म्हणजे कालोलाइनेने लावला आणि माझ्या हातात कोंबून दारात उभी राहिली, मला बाहेर पडता येऊ नये म्हणून.

"कोण?" ताईचा आवाज इतका बारीक झालाय.

"मी आहे, ताई. पाउलिआसी."

"आलास का कामातून मोकळा?"

मी स्तोत्राचं सांगितलं, वरच्या भागाचं. तिने आजारपणाचं काही काढलं नाही. म्हणाली, "कागद घेतलास? लिही." आणि गायला लागली.

मी लिहीत गेलो. आवाज तुटत होता पण सूर जागच्या जागी होते. शेवटच्या ओळीत मध्येच थांबून तिने श्वास घेतला. मी सवयीने बोलून गेलो, "तिथे श्वास नाहीये, ताई. ओळ सलग आहे."

"आता आहे, पाउलिआसी," ती म्हणाली.

मी तिथे श्वासाची खूण केली.

मग म्हणाली, "लाविनियाने सांगितलं मला. इतके दिवस त्या प्रश्नावर घर डोक्यावर घेतलंस म्हणे. कालोलाइनेला फोन दे, आणि तू अंगणात जा."

मी गेलो. आतून कालोलाइनेचं "अगं बाई!" ऐकू आलं आणि मग दोघींचं हसणं. ताईचं हसणं फोनमधून अंगणापर्यंत आलं. मरणाच्या दारातली बाई, आणि इतकं हसते. मी डुकरांना उगाच दुसऱ्यांदा खोबरं घातलं.

खातं उघडलं. सगळं जागेवर होतं. छापखान्यासारखा प्रिंटर चालवला, शाई संपेपर्यंत. राग मात्र तसाच आहे. माझंच मला परत मिळालं म्हणून मी कुणाचे आभार मानणार नाही.

२२ जून, शनिवार

कालोलाइनेने आज टोपलीभर लू केलं, अळूसारख्या तारोच्या पानांत मटण आणि नारळाचं दूध, सणाला करतात तसं, आणि पाळकांच्या घरी पाठवलं. मी म्हटलं, आज काय विशेष? म्हणाली, "असंच. त्यांना कुणी विचारत नाही." बायको गेल्यापासून एकटेच आहेत खरे. पण घरात आम्हाला दोनच पुड्या ठेवल्या.

१ जुलै, सोमवार

काल झालं. श्वासाच्या जागी सगळ्या बायकांनी एकदम श्वास घेतला, आणि पुढचा सूर असा उचलला की मंडपात कुणी हललं नाही. लाविनियाने तिकडे फोन ताईच्या कानाशी धरला होता. तिने ऐकलं की नाही ते नक्की सांगता येत नाही, म्हणते. डोळे मिटलेले होते.

१३ जुलै, शनिवार

ताई चार तारखेला गेली. मंगळवारी विमानाने आणली, गुरुवारी मूठमाती.

बहिणीच्या अंत्यविधीत भावाची जागा मागे, चुलीपाशी. शोकाची म्हणून जुनी फाटकी मोठी चटई अंगाला गुंडाळून मी उमू लावत होतो. क्वायरसमोर दुसरा कुणी उभा होता. माझं स्तोत्र, तिचा भाग, आणि मी धुरात. मला पुढे जायचं होतं. इतकं जायचं होतं की हातातला दगड मी जमिनीवर आपटला. रीत ती रीत, पण काल-परवा मला त्या रीतीचाही राग आला हे लिहायला हवं. फोन आधी करायला हवा होता. जानेवारीतच करायला हवा होता. कंपनीचा यात काही संबंध नाही, आणि तरी मला त्यांचाच राग येतो.

पाळक कबरीपाशी प्रार्थना दोनदा विसरले. आयुष्यभर अंत्यविधी करणारा माणूस! लोकांना वाटलं वय झालं. मला चीड आली, ताईच्याच वेळी नेमकं असं व्हावं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

आज मेल आली. लुसेआने, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत, आम्हाला तुमची आठवण येते. परत या, वर्गणीत सवलत आहे.

आठवण येते! यांना! मी खुर्ची लाथेने उडवली. पायाचा अंगठा सुजलाय. मग ठरवलं की बस्स, खातंच बंद करायचं. सगळी स्तोत्रं मी एकेक करून जुन्या कॉम्प्युटरवर हाताने उतरवली आहेत, दोनदा छापली आहेत, एक गठ्ठा चर्चमध्ये आहे. आता त्यांच्या पेटीत काही ठेवायचं नाही.

पण बंद करायलाही परवानगी लागते. क्लोईने पुन्हा तेच दोन रस्ते दाखवले, एक तर मृत्यूचा दाखला, नाहीतर प्रश्नाचं उत्तर. दाखला माझ्या कपाटात आहे. कालोलाइने म्हणाली, "पाठव की, आता खराच आहे."

"नाही. तिच्या मरणाचा कागद मी त्या लोकांना दाखवणार नाही. ती आठवण येणारी माणसं!"

"मग उत्तर?"

"तू टाइप कर. मी बाहेर जातो."

ती कॉम्प्युटरपुढे बसली. "आता ती नाही, पाउलिआसी. तुला हवं असेल तर सांगते."

मी म्हणालो, "आता तर मुळीच नको."

अंगणात आलो. खिडकी उघडी होती आणि आत कीबोर्डच्या कळा वाजायला लागल्या, एक, दोन. माझ्या लक्षात आलं की कान देऊन मोजलं तर नाव किती अक्षरांचं ते कळेल, आणि या गावात त्या पिढीचे पुरुष आहेत किती? म्हणून मी मोठमोठ्याने खोकायला लागलो. तेवढ्यात रस्त्याने पाळक येत होते. फाटकात थांबले.

"छाती भरलीय का, पाउलिआसी?"

"नाही हो. आत कालोलाइने ताईच्या त्या प्रश्नाचं उत्तर लिहितेय. मला कळा ऐकू येऊ नयेत म्हणून."

ते जागीच उभे राहिले. खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आत कळा वाजतच होत्या. आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहत तेही, माझ्याहून मोठ्याने, खोकायला लागले.